दोघींतली एक

आण्णासाहेबांनी वसतिगृहाच्या शिष्यवृत्तीच्या जागा बारावरून तीस केल्या, आणि त्याचा पहिला परिणाम मथुराबाईंच्या गुडघ्यांवर झाला. जागा वाढवायला एक बैठक आणि चार बशा भजी पुरतात. मुली वाढवायच्या तर परंड्यापासून मुरुमपर्यंत एसटी लागते, काळी-पिवळी जीप लागते, आणि जिथं जीपही जात नाही तिथं कुणाच्या तरी मोटारसायकलची मागची सीट लागते. मथुराबाई धाराशिवच्या मुलींच्या कॉलेजात रेक्टर होत्या. निवृत्ती जवळ आली होती, तेव्हा उरलेले दिवस वसतिगृहाच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून, येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवत काढावेत एवढाच त्यांचा बेत होता.

"बाई, जागा मी वाढवल्या," आण्णासाहेब म्हणाले होते. ते संस्थेचे अध्यक्ष, आणि अध्यक्षांना वाक्य टाकून मागं रेलायची सवय असते. "आता पोरी तुम्ही वाढवा."

"पोरी आहेत हो आण्णासाहेब. घरचे सोडत नाहीत."

"राहणं फुकट, जेवण फुकट, पुस्तकं फुकट. आणखी काय, पालखी पाठवू?"

"पालखी नको. त्यांच्या घरी भाकऱ्या थापायला एक बाई पाठवा."

आण्णासाहेब पोट धरून हसले आणि शिपायालाही तो विनोद सांगितला. मथुराबाईंनी विनोद केला नव्हता.

इतकी वर्षं उंबरे झिजवून त्यांना एक भाषा येऊ लागली होती. मुलीचा बाप कधी नाही म्हणत नाही. तो 'बघू' म्हणतो, म्हणजे नाही. 'तिच्या मामाला विचारतो' म्हणतो, म्हणजे नाहीच, फक्त वाईटपणा मामाच्या पदरात. आणि 'पोरीचीच मर्जी नाही' असं म्हणाला, की समजायचं, पोरीला अजून कुणी विचारलेलं नाही. त्या गूळपाणी घेत, मान हलवत, सगळं ऐकून घेत. वाद घालायचं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. वाद घातला की चहा येतो, चहा आला की तास जातो, आणि उत्तर तेच राहतं.

म्हणून बानूबाई त्यांना आवडली. परंड्याच्या पुढं मेंढपाळांची एक वस्ती आहे, तिथं बानूबाईचं घर. तिची प्रतीक्षा बारावी सायन्सला तालुक्यात वरच्या नंबरानं आलेली. बानूबाईनं 'बघू' म्हटलं नाही की मामाला मधे आणलं नाही.

"न्हाय पाठवत," ती म्हणाली. "पोरगी हुशार हाय, म्या कुठं न्हाय म्हनते? पर ती गेल्यावर हितलं कोन करनार? मालक दिवाळी झाली की मेंढरं घिऊन भीमेकडं जात्यात, ते मिरगालाच तोंड दावत्यात. माजं कंबरडं गेलंय. वाकले की उठवायला मानूस लागतंय. दोन म्हशी हायत्या, मागं राहिल्याली कोकरं हायती, रान हाय. तुमची शिष्यवृत्ती धार काढती का?"

"धार नाही काढत," मथुराबाई म्हणाल्या. समोर बाजेवर बानूबाईचा थोरला, वैजनाथ, मोबाइलवर काहीतरी बघत पडला होता. "हा काय करतो?"

"टेम्पो हाय त्येचा."

"टेम्पो संध्याकाळी उभाच असतो की. तेवढ्यात चार भाकऱ्या थापल्या तर हात झिजतील का रे, वैजनाथ?"

वैजनाथ मनापासून हसला. बाई झकास आहेत, असं त्याला वाटलं असावं. हंडा घेऊन आत जाणारी प्रतीक्षा मात्र हसली नाही. तिनं मथुराबाईंकडं एकदा बघितलं. त्या नजरेत विनंती नव्हती. ह्या बाईचा उपयोग किती, याचा अंदाज घेत होती पोरगी. मथुराबाईंना ते पटलं. अशीच पोर हवी, त्यांच्या मनात आलं.

"एक सांगते," बानूबाई पदर सावरत म्हणाली. "घरात सून आली की पोर तुमची. बिरोबाची आन. वैजूचं दोन वर्सं झाली बघायलोय. कुटं जमंना. तुमी एवढं हिंडता, बघन्यात हाय का एखांदी?"

आता हा प्रश्न या मुलखात कुणालाही विचारतात. जो गावोगाव हिंडतो, मग तो विमा एजंट असो, गुरांचा डॉक्टर असो की बियाणं विकणारा, त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या येतो आणि त्याच्या मागोमाग हा प्रश्न येतो. त्याला 'नाही' म्हणायचं नसतं. नाही म्हटलं तर तुमच्या घराला साजेशी मुलगी माझ्या पाहण्यात नाही, असा त्याचा अर्थ होतो, आणि पुढच्या खेपेला तांब्या येतो पण गूळ येत नाही. मथुराबाईंनी आजवर अशी पाचपन्नास नावं सांगितली होती. एकही जमलं नव्हतं, म्हणून त्या निर्धास्त होत्या.

"एक आहे," त्या म्हणाल्या. "तेर गावाजवळ बिरदेव म्हणून आहेत, तुमच्यातलेच. त्यांची थोरली ज्ञानेश्वरी. बी.ए. झालीय, घरीच असते. कामाला वाघीण. बघा."

बिरदेवच्या घरी त्या आदल्याच आठवड्यात जाऊन आल्या होत्या, धाकटीसाठी. धाकटी निकिता, यंदाच बारावी झालेली. बिरदेव बराच वेळ 'बघू'वर अडला होता, आणि मग बायकोनं आतून काहीतरी भांडं आपटल्यावर 'बरं, न्या' म्हणाला होता. निकिता त्या तीस जणींतली झाली होती. मथुराबाईंच्या डोक्यात तो रकाना भरून बंद झाला होता, त्यामुळं बिरदेवच्या घरात लग्नाची मुलगी म्हणून त्यांना एकच दिसत होती. शिकणाऱ्या पोरीला शिकू द्यायचं, शिकून घरी बसलेलीला चांगलं घर मिळेल, आणि त्यातून प्रतीक्षा सुटेल. एका फेरीत तीन कामं. परतीच्या एसटीत त्या स्वतःवर बऱ्यापैकी खूश होत्या. असं फार क्वचित व्हायचं.

पुढं एके दिवशी बानूबाईचा फोन आला. फोनवर बोलताना ती वस्तीवरून थेट धाराशिवला हाक मारल्यासारखी ओरडायची.

"बाई! सोयरीक जमली! तुमच्या पायगुनानं जमली! लगीन झालं की पोरगी घिऊन जावा."

"वा! ज्ञानेश्वरी चांगली आहे हो. बी.ए. झालेली सून मिळाली तुम्हाला."

"छ्या! बी.ए. झाल्याली कशाला करू? आमचा वैजू बारावी. उंद्या ती त्येला हिशोब शिकवंल. धाकटी केली. निकिता. बारावीला बारावी, जोड झाली का न्हाय?"

बानूबाईला वाटलं, रेंज गेली. तिनं तेच सगळं आणखी मोठ्यानं पुन्हा सांगितलं.

आयुष्यभर ज्या गोष्टीला त्यांनी जमेच्या बाजूला धरलं, तीच समोरच्यांनी खर्ची टाकली होती. बी.ए. म्हणजे गुण, असं त्या समजून चालल्या. बघायला आलेल्या पाहुण्यांनी ते जास्तीचं वजन समजून बाजूला सारलं. हे त्यांना ठाऊक नव्हतं असंही नाही. उलट त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण नाव सांगताना त्या दमलेल्या होत्या, ऊन होतं, आणि पुढची एसटी गाठायची होती.

दुसऱ्या दिवशी त्या तेरला गेल्या. बिरदेवच्या दारात मांडवाची मेढ रोवायचं चाललं होतं. आषाढ लागायच्या आत उरकायची घाई.

"या, या! सोयरीक जमवनाऱ्या!" बिरदेव हात जोडत पुढं आला. "तुमच्यासाठी लुगडं घेतल्यालं हाय."

"बिरदेव, मी थोरली सांगितली होती."

"व्हय. पर त्येंनी धाकटी पसंत केली. पावन्याला पसंतीचा हक्क असतुय की. थोरलीच्या आधी धाकटी कशी, म्हनून भावकीनं नाक मुरडलं, न्हाय असं न्हाय. पर चालून आल्यालं घर सोडू व्हय? थोरलीला तिच्या जोगा नोकरीवाला बघू सावकाश."

"आणि निकिताचं कॉलेज? मला शब्द दिला होता तुम्ही."

"कॉलेज काय पळून चाललंय? सासरची मानसं चांगली हायती. तुमीच तर सांगितलं तसं."

तसं त्यांनी सांगितलं नव्हतं. पण आता कोण काय म्हणालं होतं ते उगाळून काय मिळणार होतं? निकिता पाणी घेऊन आली. तांब्या खाली ठेवून ती तिथंच उभी राहिली.

"तुला करायचंय का हे लग्न?" मथुराबाईंनी विचारलं. विचारताना त्यांना स्वतःचंच हसू आलं, कारण दारात मेढ रोवली जात होती.

"मुलगा बरा आहे," निकिता म्हणाली. "तसं काही नाही. मॅडम, लग्न झाल्यावर येता येतं का कॉलेजला? हॉस्टेलला?"

संस्थेच्या शिष्यवृत्तीच्या नियमात 'अविवाहित' असा शब्द होता.

"बघू," मथुराबाई म्हणाल्या. तोंडातून शब्द बाहेर पडला आणि त्यांच्या लक्षात आलं. निकितानं मान हलवली. तिलाही ती भाषा येत होती.

एवढ्यावर हे प्रकरण मिटवायला काही हरकत नव्हती. एक मुलगी गेली, एक आली, आकडा तोच. आण्णासाहेबांना बेरजेशी मतलब. पण मथुराबाईंना ते 'बघू' टोचत राहिलं, म्हणून त्या अध्यक्षांच्या केबिनमधे जाऊन बसल्या.

"लग्न झालेल्या?" आण्णासाहेबांनी चष्मा काढला. "बाई, मग नवरे फाटकाशी येऊन उभे राहतील."

"बाप येतात, भाऊ येतात, मामा तर डबे घेऊन येतात. नवरे आले तर चहा पाजू."

"आणि दिवस राहिले तर?"

"तर रजा देऊ. तुमच्या ऑफिसातल्या बायकांना देता, तशी."

आण्णासाहेबांनी चष्मा पुसायला घेतला. विचार करत होते असं नव्हे, मोजत होते. प्रवेश संपत आले होते आणि तिसांतल्या सात जागा अजून रिकाम्या होत्या. स्वतःच्या आईच्या नावानं काढलेल्या शिष्यवृत्तीच्या जागा रिकाम्या राहिल्या तर पाहुण्यारावळ्यांत काय तोंड दाखवणार?

"सासरची लेखी संमती आणा," ते शेवटी म्हणाले. "मग तो शब्द काढून टाकतो. पेपरात देऊ. सासरहून कॉलेजला. कसं वाटतंय?"

"चांगलं वाटतंय," मथुराबाई म्हणाल्या. खरंच वाटत होतं. चांगलं काम वाईट कारणासाठी झालं तरी त्या घेत असत. निवडत बसायला ताकद कुठं होती?

लग्न झालं. मथुराबाई लग्नाला गेल्या नाहीत, लुगडं मात्र मागाहून आलं. हळदीचे दिवस सरले, पाहुणे पांगले, प्रवेशाची शेवटची तारीख तोंडावर आली, आणि त्या दोन अर्ज पिशवीत घालून परंड्याच्या गाडीत बसल्या. एक प्रतीक्षाचा, एक निकिताचा.

बानूबाईनं दोन्ही अर्ज हातात घेतले, उलटे-सुलटे केले आणि मांडीवर ठेवले.

"तुमी एक न्हेनार म्हनला हुता."

"हो. पण आता नियम बदललाय. निकितालाही येता येईल."

"म्हंजी माजी पोर न्हेनार, आन तिच्या बदल्यात म्या आनली ती बी न्हेनार." बानूबाई हसली, पण वाईट नव्हे. सौदा समजणाऱ्या माणसाचं हसू होतं ते. "बाई, तुमी मला लई भोळी समजता."

"भोळी समजले असते तर चोरून नेल्या असत्या. विचारायला आलेय."

"मग घर कोन बघंल?"

मथुराबाईंनी सगळं सांगून बघितलं. कामाला बाई ठेवा. एक म्हैस विका. सुट्ट्या आल्या की दोघी घरीच असतील. बानूबाई प्रत्येकाला मान हलवून नको म्हणत होती, भाजी घेताना शिळी पेंडी बाजूला सारावी तशी. शेवटी मथुराबाई वैजनाथकडं वळल्या. तो टेम्पोचं चाक बघत होता. चाकाला काहीही झालेलं नव्हतं.

"वैजनाथ, बायको तुझी आहे. तू काय म्हणतोस?"

"आई म्हनंल तसं," तो म्हणाला.

"आन आई म्हनती, दोघींतली एक," बानूबाई म्हणाली. "शब्द दिलाय, त्यो मोडनार न्हाय. एक न्या. पर कंची, ते तुमी सांगा."

"मी? मी कशी सांगू?"

"मंग म्या सांगू व्हय? पोरीला न्हाय म्हनलं तर पोटची पोर जल्मभर धरून बसंल. सुनंला न्हाय म्हनलं तर तिचं म्हायेर म्हनंल, सासूनं आल्या आल्या दाबली. तुमी सांगा. तुमी परक्या. परक्याचा राग चार दिसांनी जातुय."

मथुराबाईंनी बानूबाईकडं बघितलं. शाळेचं तोंड न बघितलेली ही बाई अध्यक्ष झाली असती तर आण्णासाहेबांना तिनं फाटकावर बसवलं असतं. आत भिंतीपलीकडं भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. दोघीही आतच होत्या.

गुडघा ठणकत होता. त्यांना उठून जावंसं वाटलं. दोन्ही अर्ज इथंच ठेवावेत, तुमचं तुम्ही ठरवा म्हणावं आणि गाडी धरावी. पण त्या उठल्या तर दोघींतली एकही जाणार नाही, एवढं त्यांना नक्की कळत होतं.

मग त्यांनी तो हिशोब केला. निकिता गेली तर प्रतीक्षा घरी राहील. घरात राहिलेल्या प्रतीक्षाला तुळशीचं लग्न झाल्याबरोबर पाहुणे बघायला येतील. आणि निकिता तरी किती टिकेल? नवऱ्याची आई आजारी पडली, गावात जत्रा निघाली, पाळणा हलला, की तिला कधीही परत बोलावतील. म्हणजे वर्षाच्या आत दोघीही गेल्या. प्रतीक्षा गेली तर निदान एक तरी तीन वर्षं शाबूत राहील. निकिताचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं, आणि ते आपल्या एका वाक्यानं झालं होतं. हिशोब बरोबर होता. कुठूनही करून बघितला तरी तोच येत होता. म्हणूनच तो तोंडावाटे काढायला वेळ लागला.

"प्रतीक्षा," त्या म्हणाल्या.

"झालं," बानूबाई म्हणाली, आणि मांडीवरच्या दोन कागदांतला एक त्यांना परत दिला. वाचता येत नसूनही तिनं बरोबर निकिताचाच दिला. त्यावर नवं आडनाव लिहिताना मथुराबाईंनी जुनं खोडलेलं होतं. "प्रतीक्षा! पिशवी भर गं!"

निकिता चहा घेऊन बाहेर आली. हिरवा चुडा अजून हातभर होता. तिनं कप मथुराबाईंच्या पुढं ठेवला. सगळं ऐकलं होतं हे लपवायचा तिनं प्रयत्न केला नाही.

"मॅडम, तो अविवाहितचा नियम काढला का खरंच?"

"काढतील म्हणालेत."

"काढायला लावा. मी येत नाही म्हणून ठेवून देतील तसाच."

"लावते," मथुराबाई म्हणाल्या. या वेळी त्यांनी 'बघू' म्हटलं नाही. निकिता त्यांच्याकडं बघत राहिली, शब्दाचं वजन करत. मग तिनं मान वळवली.

प्रतीक्षा पिशवी घेऊन बाहेर आली आणि वहिनीपुढं उभी राहिली. आता रडारड होणार, असं वाटून मथुराबाईंनी चहाकडं नजर लावली. पण प्रतीक्षा कामाचं बोलायला लागली.

"वैनी, भुऱ्या म्हशीला आधी पेंड दाखवायची, मंगच बसायचं. न्हायतर लाथ घालती. डाव्या अंगानं जायचं न्हाय."

"डाव्या अंगानं नाही," निकिता म्हणाली.

"कानतुटक्या कोकराला आई पाजत न्हाय. त्येला बाटली. दूध लई गरम नको, मनगटावर टाकून बघायचं. सकाळी एकदा, दुपारी एकदा, आन दिवेलागणीला. ते वरडलं न्हाय म्हंजी पोट भरलं असं समजू नको. ते वरडतच न्हाय."

"बरं."

"आईची गोळी जेवल्यावर. ती म्हनती घेतली, पर घेत न्हाय. तोंडात टाकताना बघायचं."

"ए, म्या हितंच बसलेय," बानूबाई म्हणाली.

"तुझ्यादेखतच सांगतेय. सोमवारी लाइट नसते, पानी आदल्या दिशी भरायचं. आन दळणाचा डबा दादाला सांगून उपयोग न्हाय, त्यो इसरतो, आपनच टेम्पोत ठेवायचा. वरल्या रानातल्या बांधावर..."

ती सांगत राहिली. निकिता एकेक गोष्ट परत म्हणत ऐकत होती, परीक्षेआधी वर्गात बसून ऐकावं तसं, एकाग्र. मधे एकदा तिनं विचारलं, "पेंड किती? मापानं का अंदाजानं?" प्रतीक्षानं ओंजळ करून दाखवली. निकितानं स्वतःची ओंजळ करून पडताळून बघितली. बांगड्या वाजल्या. वैजनाथनं मोबाइलमधून मान वर केली आणि परत खाली घातली.

मथुराबाईंचा चहा निवून गेला. आपण या पोरींनी तीस जागा भरायला निघालो, पण एका पोरीची घरातली जागा केवढी असते ते कुणी मोजलंच नव्हतं. यादी संपायला तयार नव्हती.

रस्त्याकडून गाडीचा हॉर्न ऐकू आला.

"आन धुनं..." प्रतीक्षा म्हणाली.

"जा आता," निकिता म्हणाली आणि तिच्या खांद्यावरून पिशवीचा बंद सरळ केला. "राहिलेलं फोनवर सांग. मी जागी असते."